उवा: सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले काही आठवडे वह्या-पुस्तकं, गणवेश आणि दप्तरं यांतच जातात. मग पोळा जवळ येऊ लागतो आणि कळमेश्वरच्या कितीतरी घरांत आईच्या लक्षात येतं की पोरगी अभ्यासाला बसली की सारखं डोकं खाजवते. केस उचलून पाहिलं तर कानामागे बारीक ठिपके दिसतात. लगेच चौकशी सुरू होते: कोणाशेजारी बसतेस? कोणाच्या कंगव्याने केस विंचरलेस? कोणाकडून आणल्यास?

ही चौकशी बहुधा चुकीच्या दिशेने जाते. उवांची खाज म्हणजे त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे पोळ्याला जी मुलगी डोकं खाजवतेय, तिच्या डोक्यात ऊ शिरली ती जुलैत, कदाचित धापेवाड्याच्या यात्रेच्या आसपास, कदाचित त्याआधी मामाच्या गावी गच्चीवर सगळी भावंडं ओळीने झोपत होती तेव्हाच. एवढ्या दिवसांत ती आजीच्या कुशीत झोपली, भावाशी मारामारी केली, आत्याच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. आता कोणाकडून आल्या हे शोधण्यापेक्षा घरात आणखी कोणाकोणाकडे गेल्या हे शोधणं जास्त उपयोगाचं आहे.

उवा घालवताना आपण बहुतेकदा दोन ठिकाणी चुकतो. एक, फक्त खाजवणाऱ्या मुलीचं डोकं बघतो. दोन, एका रविवारी औषध लावून मोकळे होतो. या दोन्ही चुका टाळल्या तर उवा जातात.

ऊ कशी जगते

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती केसाला धरून चालते आणि एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याला टेकले की पलीकडे जाते. त्यामुळे उवा पसरण्याचा मुख्य मार्ग म्हणजे डोक्याला डोकं लागणं. कंगवा, रिबीन, टोपी, उशी यांतूनही त्या जाऊ शकतात, पण फार कमी. डोक्यावरून खाली पडलेल्या उवेला रक्त मिळत नाही आणि ती एक-दोन दिवसांत मरते.

मादी दिवसाला आठपर्यंत अंडी घालते. हीच लीख. केसाच्या मुळाशी, टाळूच्या उबेत ती चिकटवलेली असते आणि साधारण सात ते दहा दिवसांत फुटते. बाहेर आलेलं पिल्लू नऊ ते बारा दिवसांत मोठं होतं आणि स्वतः अंडी घालू लागतं. डोक्यावर एक ऊ महिनाभर जगते. हे आकडे लक्षात ठेवा, औषधाचा सगळा हिशेब त्यांवरच आहे.

उवा होणं म्हणजे घर अस्वच्छ असणं, हा समज मात्र सोडून द्या. रोज न्हालेल्या डोक्यावरही ऊ सुखाने राहते, पाण्याखाली ती केसाला घट्ट धरून बसते. डोक्यातल्या उवांमुळे कोणताही ताप वा साथ पसरत नाही. उवांची ही बदनामी झाली ती कपड्यांच्या शिवणींत राहणाऱ्या अंगावरच्या उवांमुळे. टायफसचा ताप त्या पसरवतात हे शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये 1909 साली दाखवलं आणि 1928 चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. मुलांच्या डोक्यातल्या उवा तो आजार पसरवत नाहीत.

तपासणी: उजेडात आणि फणीने

नुसते केस बाजूला सारून पाहिलं तर उवा दिसत नाहीत, कारण उजेड पडला की त्या पळतात. फणी हवी. बारीक, दाट दातांची स्टीलची फणी मेडिकलच्या दुकानात मिळते. आजीची लाकडी फणीही चालेल, फक्त तिचा एकही दात तुटलेला नको.

सकाळच्या उन्हात अंगणात किंवा खिडकीपाशी मुलीला पाटावर बसवा. खांद्यावर पांढरा जुना टॉवेल टाका. केसांना भरपूर खोबरेल तेल किंवा ओल्या केसांना कंडिशनर लावा, म्हणजे उवांना पळता येत नाही आणि गुंता निघताना मूल रडत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा. मग केसांचे चार भाग करा आणि मानेपासून सुरुवात करा. फणीचे दात टाळूला टेकले पाहिजेत. तिथून केसाच्या टोकापर्यंत एकच सरळ ओढ घ्या आणि दर ओढीला फणी पांढऱ्या कापडावर पुसून बघा. मानेचा मागचा भाग आणि दोन्ही कानांमागची जागा पुन्हा पुन्हा विंचरा. उवा तिथेच जास्त असतात.

कापडावर करडी-तपकिरी, चालणारी ऊ दिसली तर उपचार करायचे. नुसत्या लिखा दिसल्या तर थोडं थांबून बघा. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाच्या एका बाजूला चिकटलेली असते, नखाने ओढावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे टाळूपासून बोटभर अंतरावर दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा बहुतेक फुटून रिकाम्या झालेल्या असतात. ती जुनी खूण समजा. टाळूला लागून असलेल्या तपकिरी लिखा मात्र जिवंत असू शकतात.

आता घरातल्या बाकीच्यांची पाळी. समजा कळमेश्वरलगतच्या ब्राह्मणीतलं एक घर आहे: आजी, आई-बाबा, चौथीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि नागपूरला कॉलेजला जाणारी आत्या. खाजवते ती फक्त चौथीतली. पण त्याच रविवारी सहाही डोकी फणीखालून गेली पाहिजेत. आजी म्हणेल, "या वयात मला कुठल्या उवा?" पण नात रोज तिच्याजवळ झोपते. आत्या म्हणेल, "माझे केस मी बघते." पण मानेमागचं स्वतःचं स्वतःला दिसत नाही. मुलाचे केस बारीक कापलेले असले तरी मुलग्यांनाही उवा होतात. आणि मुलांच्या आईचं डोकं कोण बघणार, हा प्रश्न तर बहुतेक घरांत कोणाच्या मनातच येत नाही. ते आत्याने किंवा बाबांनी बघायचं.

जिच्या-ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली त्यांना, आणि जे त्यांच्यासोबत एकाच अंथरुणात झोपतात त्यांना औषध. बाकीच्यांना औषधाची गरज नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी फणी करायची.

औषध: दोनदा, नऊ दिवसांच्या अंतराने

उवांसाठी मेडिकलमध्ये सहज मिळणारं आणि लहान मुलांसाठी बराच काळ वापरात असलेलं औषध म्हणजे 1 टक्का पर्मेथ्रिनचं लोशन किंवा क्रीम रिन्स. दुकानदाराला "उवांचं औषध द्या" एवढंच न सांगता पाकिटावरचं नाव आणि टक्केवारी वाचून घ्या. 5 टक्के पर्मेथ्रिनची क्रीम खरजेसाठी असते, ती डोक्याला लावायची नाही. दोन महिन्यांहून लहान बाळाला हे औषध लावू नका, त्याच्या डोक्यावरून फणीने हळूच उवा काढा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

लावण्याची रीत अशी:

1. आधी साध्या शॅम्पूने केस धुवा, तेल पूर्ण निघालं पाहिजे. कंडिशनर लावू नका. तेलकट केसांवर औषध टाळूपर्यंत पोहोचत नाही.
2. टॉवेलने केस पुसून ओलसर राहू द्या.
3. मुलाच्या डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरा. कानांमागे आणि मानेवर आधी, मग पूर्ण डोक्याला औषध भरपूर लावा.
4. घड्याळ लावून 10 मिनिटं ठेवा. जास्त वेळ ठेवल्याने जास्त काम होत नाही.
5. मुलाला पुढे वाकवून साध्या पाण्याने केस धुवा, म्हणजे औषध अंगावर ओघळत नाही.
6. पुढचे एक-दोन दिवस शॅम्पू लावू नका. शक्य तितक्या लिखा फणीने काढा.

हे औषध उवा मारतं, पण सगळ्या लिखा मरतीलच असं नाही. म्हणून दुसरी पाळी ठरलेली हवी. ती फार लवकर दिली तर काही लिखा अजून फुटलेल्या नसतात. फार उशिरा दिली तर पहिल्या औषधानंतर निघालेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालू लागलेली असतात. या दोन्हींच्या मधला दिवस नववा. रविवारी औषध लावलं असेल तर पुढचा रविवार जाऊ द्या आणि त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्यांदा लावा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या मंगळवारी आजच गोल करून ठेवा. त्या दिवशीही सगळ्यांची डोकी पुन्हा तपासायची आणि पहिल्या वेळी ज्यांना औषध लावलं त्या सगळ्यांना पुन्हा लावायचं. मधल्या दिवसांत खाज कमी झाली, मुलगी म्हणाली "आता नाही काही", तरी दुसरी पाळी चुकवायची नाही. उवा परत आल्या असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्या गेलेल्याच नसतात.

पहिल्या औषधानंतर आठ ते बारा तासांनी फणी करून बघा. उवा मेलेल्या किंवा अगदी संथ हलताना दिसल्या तर औषध काम करतंय, ठरलेल्या दिवसापर्यंत थांबा. पण आधीसारख्याच चपळ चालत असतील तर त्यांच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. जगात अनेक ठिकाणी उवा पर्मेथ्रिनला दाद देईनाशा झाल्या आहेत. तेव्हा तेच औषध पुन्हा-पुन्हा लावत बसू नका. डॉक्टर दुसरं औषध देतील, काही वेळा आयव्हरमेक्टिनची गोळी देतील. ती वजनावर ठरते आणि 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत. शेजारणीकडे उरलेली गोळी घेऊन देऊ नका.

औषध नको असेल तर नुसती फणी

फणी आणि उवा यांचं नातं फार जुनं आहे. इस्रायलमधल्या लाकीश इथे सापडलेल्या सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर कनानी लिपीत कोरलेलं एक वाक्य संशोधकांनी 2022 साली वाचलं. या फणीने केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघून जावोत, असं त्यात मागितलं होतं. उपाय तोच राहिला आहे, फक्त तो नियमाने करावा लागतो.

ओल्या केसांना कंडिशनर लावून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पूर्ण डोकं विंचरायचं, प्रत्येक वेळी दोनदा. सतराव्या दिवशी तपासणी. एकही ऊ सापडली नाही म्हणजे झालं. लांब केसांना दर वेळी अर्धा तास लागतो. मोबाईलवर गोष्ट लावून द्या, मूल बसतं. ज्या घरात हा वेळ काढणारं कोणी आहे, त्यांच्यासाठी हा उपाय स्वस्त आणि बिनधोक आहे. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या किंवा संत्र्याच्या तोडणीला पहाटे निघणाऱ्या आईला इतके दिवस जमलं नाही, तर तिने औषधाचा मार्ग धरावा. त्यात कमीपणा नाही.

मुलीचे केस कापून टाकायची तर काहीच गरज नाही.

हे डोक्याला लावू नका

सीताफळाच्या बियांची पूड हा आपल्याकडचा जुना उपाय. दिवाळीच्या आसपास बिया वाळवून ठेवणारी घरं अजून आहेत. त्या बियांत उवा मारणारं द्रव्य खरंच असतं, पण ते डोळ्यात गेलं तर बुबुळावर जखम होते, असह्य वेदना होतात. डोकं धुताना पाणी डोळ्यांत जाणारच. पूड डोळ्यात गेलीच तर चोळू नका, 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

घासलेट लावलेल्या डोक्याला चुलीची ठिणगी पुरते. ते श्वासातून किंवा तोंडातून गेलं तर फुप्फुसाला इजा होते. मुंग्या-झुरळांचा खडू, गुरांच्या गोचिडाचं औषध आणि कपाशीवर फवारायचं औषध ही तिन्ही विषं आहेत, टाळूतून अंगात जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध मोठ्या माणसाला फवारताना मारू शकतं, ते लेकराच्या डोक्यावर थेंबभरही चालत नाही. असं काही लावून मुलाला उलट्या, घाम, लाळ, सुस्ती किंवा झटके आले तर केस आणि अंग भरपूर पाण्याने धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत दवाखान्यात न्या.

तेलात भरपूर कापूर कालवून लहान मुलांना लावणंही टाळा, कापराने लहानग्यांना झटके येऊ शकतात. नुसतं खोबरेल तेल बिनधोक आहे. त्याने फणी सोपी होते, पण लिखा मरत नाहीत.

घरात काय करायचं, काय नाही

ऊ डोक्याबाहेर दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, त्यामुळे घर धुऊन काढायची गरज नाही. औषधाच्या दिवशी एवढंच करा: गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, ओढण्या कडक गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसलं तर गरम इस्त्री फिरवा. कंगवे, फण्या हात पोळेल इतक्या गरम पाण्यात 10 मिनिटं बुडवून ठेवा. धुता न येणारी कापडी बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत दोन आठवडे बांधून ठेवा. गाद्या, सोफा, गाडीच्या सीटवर कीटकनाशक फवारू नका. त्याने उवा जात नाहीत, ते मुलांच्याच श्वासात जातं.

डॉक्टरांकडे केव्हा

खाजवून टाळूवर फोड आले, पू-खपल्या झाल्या, ताप आला किंवा मानेमागे गाठी हाताला लागू लागल्या तर कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जखमेत जंतू गेले की मानेच्या गाठी सुजतात. त्यांना घाबरू नका, पण उपचार लांबवूही नका. आधी जखम बरी करायची की उवांचं औषध लावायचं, हे डॉक्टर ठरवतील. दोनदा नीट औषध लावूनही जिवंत उवा दिसल्या तरी जा. गरज पडली तर नागपूरला मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

शाळेत आणि अंगणवाडीतही मदत मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतं आणि त्यात त्वचेचे त्रासही बघितले जातात. पथक येईल तेव्हा डोक्यातल्या फोडांची गोष्ट लपवू नका. आशाताईला विचारायलाही लाजू नका.

शिक्षकांना आणि पालकांना

ऊ सापडली म्हणून मुलीला शाळेतून घरी पाठवण्याची गरज नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही शाळांना हाच सल्ला आहे. शाळा सुटेपर्यंत तिला वर्गात बसू द्या, घरी गेल्यावर उपचार होतील. तिला वेगळ्या बाकावर बसवणं, सगळ्यांसमोर नाव घेणं किंवा केस बघून चिडवणं याने उवा कमी होत नाहीत. उलट पुढच्या वेळी पालक सांगायचंच टाळतात आणि वर्गात उवा फिरत राहतात. नाव न घेता सगळ्या पालकांना एकाच दिवशी निरोप द्या: या रविवारी सर्वांनी मुलांची डोकी फणीने बघावीत. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत तर एकाच दिवशी सगळ्यांची तपासणी केल्याशिवाय उवा संपतच नाहीत.

मुलींच्या दोन घट्ट वेण्या रिबिनीने वर बांधल्या की मोकळे केस दुसऱ्याच्या केसांना लागत नाहीत. तान्ह्या पोळ्याला पोरं नंदीबैल घेऊन एकत्र जमणार, डोक्याला डोकं लागणार, तेवढं खेळू द्या. फक्त शाळा सुरू असेपर्यंत दर रविवारी आंघोळीआधी पाच मिनिटं फणी करा.

उवा सापडल्या तर शेजारच्या घरी, मुलीच्या मैत्रिणीच्या आईला स्वतःहून सांगा. सांगायला संकोच वाटेल, पण तिने त्याच रविवारी तिच्या लेकीचं डोकं पाहिलं तरच तुमची दुसरी पाळी वाया जाणार नाही.